खिडकीकडे वळवलेली खुर्ची

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते माझ्या बाईंचे. पाचवी ते सातवी अशी तीन वर्षं त्यांनी आम्हाला मराठी शिकवलं. गावात त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, आणि इथेही मी तेवढंच म्हणणार आहे.

आमचं गाव पेण तालुक्यात, गागोदे बुद्रुकच्या अलीकडे. वडील रोज एसटीने पेणला गणपतीच्या कारखान्यात जायचे. कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरने घासायचं काम. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत. आई भात लावायची, भात निघाल्यावर वाल पेरायची, आणि उन्हाळ्यात पेणच्या एका व्यापाऱ्यासाठी पोह्याचे पापड लाटायची. आमच्या घरात चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं.

मला वाचता यायचं, पण वर्गात उभं राहून वाचता यायचं नाही. पुस्तकात 'नाही' लिहिलेलं असे आणि माझ्या तोंडून घरच्यासारखं 'नाय' निघे. मग कुणीतरी फिसकन हसे आणि पुढची सगळी अक्षरं डोळ्यांसमोर हलायला लागत. एके दिवशी बाई म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत थांब."

मला वाटलं, आता मार. वर्ग रिकामा झाला. बाईंनी आपली खुर्ची उचलली, खिडकीकडे तोंड करून ठेवली, माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि डबा उघडला.

"वाच," त्या म्हणाल्या. "माझं लक्ष नाही. मी जेवतेय."

मी वाचायला लागलो. अडखळलो, पुन्हा मागे गेलो, 'नाय' म्हणालो, पुन्हा 'नाही' म्हणालो. बाई खिडकीबाहेरच्या शेताकडे बघत जेवत होत्या. असं रोज चाललं. एकदा मी एक ओळ गाळली, तर तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "पोळी मी खातेय, ओळ कशाला खाल्लीस तू?" तेव्हा मला कळलं की त्या पहिल्या दिवसापासून अक्षर न् अक्षर ऐकत होत्या. दिवाळीच्या सुट्टीआधी मी वर्गात उभा राहून अख्खा धडा वाचला.

दहावीनंतर वडिलांना मी कारखान्यात यावं असं वाटत होतं. बाई घरी आल्या. आईने बहिणीला हाक मारली, "चाय ठेव गो, बाई आल्यात." वडील ओटीवर उभेच राहिले.

"हात चांगला हाय त्याचा, बाई," ते म्हणाले. "चार वर्सात आखणीला बसंल."

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणं. कारखान्यातलं सर्वांत मानाचं काम. वडिलांना स्वतःला ते कधी मिळालं नाही.

"बसेल की," बाई म्हणाल्या. "पण तुमच्याकडे तलाठ्याचं पत्र आलं तर त्याचा अर्थ कोण सांगतं?"

"तुमीच सांगता."

"मी किती दिवस पुरणार तुम्हाला?"

जूनमध्ये वडिलांनी माझं नाव कॉलेजात घातलं. पुढे बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन बाईंकडे गेलो. तोवर त्या पेणमधल्या एका शाळेत आल्या होत्या आणि तिथेच घर केलं होतं. त्यांनी पेढा तोंडात टाकला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि म्हणाल्या, "वाच गुणपत्रिका." मी वाचली. आम्ही दोघंही खूप हसलो. त्यांच्याबरोबर असं मोकळेपणाने हसण्याची आज फार आठवण येते.

बी.एड. करून काही वर्षं शिकवल्यावर मला एका संस्थेत काम मिळालं. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या शाळांमध्ये जायचं आणि वर्गांत आलेले डिजिटल फळे, प्रोजेक्टर, टॅब शिक्षकांकडून वापरले जातील असं बघायचं. मी अर्थातच शिक्षकांना शिकवायला लागलो. शिक्षक शिकायचे, छान म्हणायचे, आणि महिनाभराने जावं तर फळ्यावर चादरीचं कव्हर. फळा आला त्या दिवशी नारळ फोडलेला असे, चौकटीच्या कोपऱ्यात कुंकवाचं स्वस्तिक असे, आणि खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असे.

एका मुख्याध्यापकांना मी याबद्दल जरा तावातावाने बोललो. ते शांतपणे म्हणाले, "सर, उद्या बिघडलं तर वर लिहून कोण देणार? तुम्ही?"

त्यांचं चुकत नव्हतं. हळूहळू लक्षात आलं की मुख्याध्यापकांची भीती गेली नाही तर शिक्षकांची जाणार नाही. मग आम्ही मुख्याध्यापकांसाठीच एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं, पेणला. प्रत्येक शाळेतून मुख्याध्यापक आणि दोन शिक्षक.

माझ्या बाई त्या वेळी मुख्याध्यापिका झाल्या होत्या. निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलं होतं. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. मी इस्त्रीचा शर्ट घालून पुढे उभा. सुरू करायच्या आधी त्यांनी खुणेनेच विचारलं, जेवलास का? मी मान हलवली. खरं तर सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, कारण त्या येणार हे मला माहीत होतं.

पहिलं सत्र चांगलं झालं. चहानंतर फळ्यावर कुणीतरी लिहून दाखवायचं होतं. माझ्या मनात सकाळपासून ठरलेलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं की मला वाचायला शिकवणाऱ्या माझ्या बाई इथे बसल्या आहेत आणि या फळ्यावरचं पहिलं अक्षर त्यांनी लिहावं. मला त्यांचा मान करायचा होता. बाई दोनदा नको म्हणाल्या. मी तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्या उठल्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमचा तो फळा प्रोजेक्टरवर चालणारा होता. प्रोजेक्टर टेबलावर असतो आणि चित्र फळ्यावर पडतं. टेबल जरा जरी हललं तरी चित्र सरकतं, आणि मग फळ्याच्या चार कोपऱ्यांतल्या ठिपक्यांना पेन टेकवून सगळं पुन्हा जुळवावं लागतं. नाही जुळवलं तर पेन एकीकडे आणि रेघ भलतीकडे. चहाच्या वेळी कुणाचा तरी पाय वायरीत अडकला होता. टेबल हललेलं मी स्वतः पाहिलं होतं. जुळवायला विसरलो.

बाईंनी पेन टेकवला. रेघ वीतभर बाजूला उमटली. त्यांनी थांबून पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. त्यांनी पेनाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, चष्मा घरी राहिला का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पाटी आणू का पाटी?" दुसऱ्याने जोडलं, आणि हशा झाला.

मला तिरकं झालेलं टेबल समोर दिसत होतं. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण वरच्या कार्यालयातले साहेब पहिल्या रांगेत बसले होते, आणि माझं हे पहिलंच मोठं प्रशिक्षण होतं. मी सगळ्यांबरोबर हसलो. "असू दे बाई, सवयीने जमतं," म्हणालो आणि त्यांच्या हातातून पेन घेतला. त्या जागेवर जात होत्या आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते, तेवढ्यात मी चारही ठिपके टेकवून घेतले. मग वळणदार अक्षरात 'स्वागत' लिहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.

निघताना त्या माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "छान बोलतोस आता. एकही ओळ खात नाहीस."

मुख्याध्यापिका झाल्यावरही बाईंनी सातवीचा मराठीचा एक तास स्वतःकडे ठेवला होता. दोनेक महिन्यांनी त्यांच्या शाळेत गेलो तर तो तास एका तरुण शिक्षिकेकडे होता. मी त्या शिक्षिकेला विचारलं. त्या म्हणाल्या, "बाईच म्हणाल्या, त्या वर्गात आता नवा फळा आलाय, माझ्यामुळे पोरांचं नुकसान नको." ऑफिसच्या दारातून मला बाई दिसल्या. कागदांवर सह्या करत होत्या. मी आत गेलो, चहा घेतला, पटसंख्येबद्दल बोललो आणि निघालो.

घरी जेवताना मी हे अर्धंमुर्धं सांगितलं. टेबल हलल्याचं तेव्हाही सांगितलं नाही. वडिलांनी घास खाली ठेवला.

"बाईंना उभं केलंस? सगल्यांसमोर?"

"मान म्हणून केलं, बाबा."

"आमच्यात नवा मानूस डोलं आखायला बसला का त्याच्या मागं कोन उभं ऱ्हात नाय. मालक पन नाय. पयले चार वाकडेच जातात. त्याला फुटकी मूर्ती देतात, भिंतीकडं तोंड करून बसवतात. वाकडे गेले तर त्याला ठावं आन भिंतीला ठावं."

आई म्हणाली, "मंग जा न माफी माग. पेनला जायाला काय लांब हाय?"

लांब नव्हतं. माझी एसटी आठवड्यातून तीनदा बाईंच्या गल्लीवरून जायची. त्यांच्या घराची रस्त्याकडची खिडकी दिसायची, खिडकीत कधी दिवा, कधी वाळत घातलेला टॉवेल. पुढच्या फेरीला उतरू, असं दर वेळी म्हणायचो. त्यांच्या निरोप समारंभाच्या दिवशी माझा रोह्याला कार्यक्रम होता. तो पुढे ढकलता आला असता, हे मला माहीत होतं. मी ढकलला नाही. काही दिवसांनी कळलं की बाई लेकीकडे कोल्हापूरला राहायला गेल्या. तेव्हापासून ती खिडकी बंद आहे. तिथून जाताना मी अजूनही मान वळवून बघतो.

यंदा माझ्याकडे रोह्याजवळ वरसे इथली एक शाळा आली. मुख्याध्यापक सर कडक शिस्तीचे, पन्नाशीचे. त्यांनी पहिल्याच भेटीत मला एक वही दाखवली. "मी वर्गात मागे बसतो आणि कोण फळा वापरतं, कोण नाही, ते लिहितो. तरी वापरत नाहीत. आता तुम्हीच सांगा काय करायचं ते."

भूगोल शिकवणाऱ्या मॅडम वीस वर्षं तिथे होत्या. घराणं खाडीकाठच्या गावातलं, नवरा कुवेतला. त्या मला म्हणाल्या, "नवऱ्याशी रोज व्हिडिओ कॉल करते, सर. सासूची औषधं फोनवरून मागवते. पण आमचे मोठे सर मागे वही घेऊन बसले ना, की मला खडूसुद्धा धरता येत नाय."

मी सरांच्या खोलीत गेलो, दार लोटून घेतलं आणि विचारलं, "सर, तुम्हाला येतो का तो फळा?"

त्यांनी पेपरवेट उचलून कागदांवर ठेवला. मग म्हणाले, "बाहेर बोलू नका. नाही येत."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघंच त्या वर्गात गेलो. काय करायचं ते मी एकदा सांगितलं, चार ठिपके सगळ्यांत आधी. मग एक खुर्ची घेतली, खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि बसलो.

"हे काय?" सर म्हणाले.

"तुम्ही करा. माझं लक्ष नाही."

मागे पेनाचा टकटक आवाज येत होता. मध्येच एक शिवी आली, मग तिच्याबद्दलचं "सॉरी". बाहेर वरसेतल्या नव्या इमारतींचं काम चाललं होतं, बायका गच्चीवर पापड उलटत होत्या. तिथे बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की पाठ फिरवून बसणं किती अवघड असतं. मागे कुणीतरी धडपडत असतं, ते सुधारायला आपला हात शिवशिवत असतो, आणि आपण पापड बघत बसायचं. बाईंनी हे मधल्या सुट्टीत, जेवताना, रोज केलं होतं.

आठवड्याभराने सरांनी वही कपाटात टाकली. वर्गाची किल्ली स्टाफरूममध्ये खिळ्यावर टांगली आणि सगळ्यांना सांगितलं की फळा बिघडला तर लिहून मी देईन. मग रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास ते मॅडमसाठी खुर्ची वळवून बसू लागले, पेपर वाचत. एकदा मीही दारात होतो. पेन घसरला आणि मॅडम पुटपुटल्या, "या अल्ला, कुठं गेली ही नदी?" सरांची मान जराशी फिरली.

"सर, मान वळली," मॅडम फळ्याकडे बघतच म्हणाल्या.

"कबुतर बघत होतो मी."

"कबुतर खिडकीत असतं, सर. माझ्याकडं नाय."

महिन्याभराने मॅडमनी आठवीला कुंडलिका नदी शिकवली, उगमापासून खाडीपर्यंत. मी शेवटच्या बाकावर होतो. मध्येच कुणाचं तरी दप्तर टेबलाला लागलं आणि त्यांची रेघ भलतीकडे उमटली. मुलं हसली. मॅडम म्हणाल्या, "थांबा रे, टेबल हललंय." चार ठिपके टेकवले आणि नदी जिथे सोडली होती तिथून पुढे नेली. मुलंही वहीत नदी काढायला लागली.

त्या दिवशी पेणला मला एवढंच वाक्य म्हणायचं होतं.

तास संपल्यावर सरांनी विचारलं, "ही खुर्ची वळवायची युक्ती कुठल्या प्रशिक्षणातली?"

"माझ्या बाईंची आहे."

"मग त्यांना आणा की एकदा शाळेत."

त्या रविवारी मी पेणला उतरलो. बाईंच्या शेजाऱ्यांकडून कोल्हापूरचा पत्ता घेतला. त्यांनी फोन नंबरही देऊ केला, पण फोनवर मी पुन्हा पटसंख्येबद्दल बोललो असतो. बाईंनी आम्हाला पत्र लिहायला शिकवलं होतं: आधी समोरच्याची विचारपूस, मग आपलं, आणि जे लिहायला जड जातं ते शेवटावर ढकलायचं नाही. तसं लिहून पाठवायला दोनेक महिने गेले, तोवर खुर्ची वळवणं आणखी शाळांत पोचलं होतं. ते हे पत्र.

*

बाई,

गुडघा कसा आहे? शेजारच्या काकू म्हणाल्या की तो दुखतो आणि कोल्हापूरच्या घराला जिने आहेत. हळू चढत जा. तुमच्या अंगणातली सोनचाफ्याची फांदी रस्त्यावर आली आहे, काकूंनी ती तोडू दिलेली नाही.

मी बरा आहे. बाबा आता फक्त गणपतीच्या दिवसांत कारखान्यात जातात. आई तुमची आठवण काढते आणि मला बोलते.

जड जातं ते आधी लिहितो. पेणच्या प्रशिक्षणात मी तुम्हाला फळ्यावर लिहायला लावलं, तेव्हा रेघ चुकली ती तुमच्यामुळे नाही. टेबल हललं होतं. ते हललेलं मी पाहिलं होतं आणि फळा पुन्हा जुळवायला विसरलो होतो. कुणीही लिहिलं असतं तरी रेघ तिकडेच गेली असती. तुम्ही जागेवर जाईपर्यंत मी तो जुळवून घेतला आणि मग लिहिलं, म्हणून माझं नीट आलं. सगळे हसले तेव्हा मला हे माहीत होतं. मी गप्प बसलो आणि हसलोही. साहेबांसमोर माझी चूक दिसू नये म्हणून तुमची दिसू दिली.

त्यानंतर तुम्ही सातवीचा तास सोडलात. तुमच्याकडून तो मी घेतला, असं मला रोज वाटतं. त्या वर्षीच्या मुलांना तुम्ही मिळाला नाहीत, त्यांना तर ते माहीतही नाही.

मी तुमच्या निरोप समारंभाला मुद्दाम आलो नाही. त्याचीही माफी मागतो.

आता एक सांगायचं आहे. मी वरसे इथल्या शाळेत जातो. तिथले मुख्याध्यापक रोज खुर्ची खिडकीकडे वळवून बसतात आणि शिक्षक मागे फळ्यावर सराव करतात. दोन्ही तालुक्यांत मिळून आता पाच शाळांत असं चालतं. मुख्याध्यापक मला विचारतात की करायचं काय. मी सांगतो, वही कपाटात टाका, किल्ली खिळ्याला लावा आणि बाहेर बघा. हे मला कुणी शिकवलं ते आतापर्यंत सांगता येत नव्हतं. आता नाव घेऊन सांगतो, आणि टेबलाची गोष्टही सांगतो. पेणच्या त्या प्रशिक्षणाला होत्या त्या सगळ्या शाळांत जाऊन सांगणार आहे. सात शाळा झाल्या. चष्म्यावरून बोललेले सर भेटले. ते ऐकून म्हणाले, बाईंना माझाही नमस्कार कळवा.

तुम्ही एकदा याल का? गाडी घेऊन मी कोल्हापूरला येतो, गुडघ्याला त्रास होणार नाही असं नेईन. वरसेच्या शाळेत सातवीचा मराठीचा एक तास तुम्हाला द्यायला तिथले मुख्याध्यापक तयार आहेत. खडू हवा असेल तर खडू, आणि नवा फळा हवा असेल तर आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर आपण जाऊ. वर्गात कुणी नसेल. टेबल मी तपासून ठेवीन. मग खुर्ची खिडकीकडे वळवून बसेन, डबा घेऊन. कितीही वेळ लागला तरी मागे बघणार नाही.

याल असं वाटत नाही, पण तरी विचारतो.

तुमच्या सातवीतला,
मधल्या सुट्टीत थांबणारा